ज्याचा विश्वास त्याने ठेवायचा

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम या बंदराच्या गावी, पाच तरुणांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अडोनिरम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस ही त्यांची नावे. पाचही जण काँग्रिगेशनल पंथाचे आणि पाचही जण हिंदुस्थानकडे निघालेले. त्यांच्यापैकी हॉल आणि नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. हेच मिशन १८३१मध्ये अहमदनगरला पोहोचले आणि पुढच्या दशकात घोडनदीकाठच्या शिरूरला त्याचे ठाणे झाले. जडसन आणि राइस मात्र मुंबईला आले नाहीत. कलकत्त्याला पोहोचल्यावर दोघे बॅप्टिस्ट झाले आणि त्यांची वाट कायमची वेगळी झाली.

शिरूर-दौंडच्या परिसरातील बॅप्टिस्ट पाळकाविषयी काही सांगायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. ज्या दीक्षाविधीतून शिरूरचे मिशन निघाले, त्याच विधीला उभे राहिलेले दोघे बॅप्टिस्ट विचाराकडे वळले. ते का वळले आणि त्यासाठी त्यांनी काय सोडले हे समजले, की बॅप्टिस्ट पाळक कसा घडतो आणि तो काय मानतो याचा गाभा हाती येतो. पाळकांच्या साक्षी वाचणाऱ्याला हा गाभा आधी ठाऊक असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

जडसनचे वडील स्वतः पाळक होते. मुलगा हुशार. ब्राउन विद्यापीठातून तो १८०७मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला, पण तिथे असतानाच एका मित्राच्या संगतीत वडिलांच्या धर्मावरचा त्याचा विश्वास उडाला होता. पुढे अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयात तो शिकायला गेला, तेव्हाही त्याच्या मनात प्रश्नच अधिक होते. विश्वास सावकाश परत आला आणि त्यातून परदेशी सेवेला जाण्याचा निश्चय झाला. १९ फेब्रुवारी १८१२ रोजी ‘कॅरव्हॅन’ या जहाजातून तो पत्नी ॲनसह कलकत्त्याकडे निघाला. तिथे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांशी गाठ पडणार हे त्याला माहीत होते. ते लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानत नसत. त्यांच्याशी वादाचा प्रसंग आला तर आपली बाजू मांडता यावी, म्हणून जहाजावरच्या चार महिन्यांत त्याने नवा करार पुन्हा तपासायला घेतला आणि त्या अभ्यासातच त्याची स्वतःची बाजू ढासळली. जिथे जिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख सापडला, तिथे तिथे आधी कुणीतरी ऐकलेले होते, विश्वास ठेवलेला होता आणि मग ते पाण्यात उतरले होते.

हे मान्य करणे सोपे नव्हते. ज्या मंडळाने पाठवले त्याचा आधार तुटणार, वडिलांचे मन दुखावणार आणि परक्या मुलखात हातात काही उरणार नाही, हे त्याला कळत होते. ॲनने तर आरंभी स्पष्ट सांगितले होते, की तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. मग तिने स्वतः शास्त्र पडताळले आणि तीही त्याच निष्कर्षाला आली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लालबाजारातील प्रार्थनामंदिरात विल्यम वॉर्ड यांच्या हस्ते दोघांचा बाप्तिस्मा झाला. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये राइसचा झाला. जडसन रंगूनला गेला. राइस अमेरिकेला परतला आणि त्याच्या खटपटीतून १८१४मध्ये फिलाडेल्फियात तिथल्या बॅप्टिस्टांची पहिली देशव्यापी मिशनसंघटना उभी राहिली. ब्रह्मदेशात पहिला माणूस विश्वासात यायला १८१९ साल उजाडले. म्हणजे जडसनला रंगूनला पोहोचल्यापासून सहा वर्षे वाट पाहावी लागली. इंग्रज-बर्मी युद्धाच्या काळात १८२४-२५मध्ये त्याने बेड्या घालून तुरुंगवास सोसला, आणि १८३४मध्ये बर्मी भाषेतील संपूर्ण बायबलचे काम हातावेगळे केले.

मुंबईकडे आलेल्या हॉलचे आयुष्यही कमी कष्टाचे नव्हते. कंपनी सरकार त्याला परत पाठवायला निघाले होते. मोठ्या चिकाटीने अर्जविनंत्या करून तो राहिला, मराठी शिकला, लिहू-बोलू लागला आणि १८२६मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. त्याने मत बदलले नाही, जडसनने बदलले. दोघेही प्रामाणिक होते. यातला एक खरा आणि दुसरा चुकलेला असा निवाडा मी इथे करत नाही. माझे म्हणणे इतकेच, की जडसनने वडिलांकडून आणि मंडळाकडून मिळालेली श्रद्धा स्वतः पडताळली, जे आढळले त्याची किंमत मोजली, आणि बॅप्टिस्ट पाळकाच्या वाटेची ही पहिली अट आहे. पाळकाचा मुलगा पाळक होऊ शकतो, पण विश्वास त्याला वारसाहक्काने मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो.

या विचाराचे मूळ आणखी दोनशे वर्षे मागे आहे. १६०९मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या काही इंग्रज मंडळींनी जॉन स्माइथ आणि थॉमस हेल्विस यांच्या पुढाकाराने प्रौढपणी, समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला. हेल्विस पुढे लंडनला परतला आणि १६१२मध्ये त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. राजा हा माणूस आहे, त्याची सत्ता प्रजेच्या देहावर आणि मालमत्तेवर चालते, आत्म्यावर नाही, असे त्यात त्याने राजा पहिल्या जेम्सला उद्देशून म्हटले. स्वतःच्या पंथापुरती सवलत मागून तो थांबला नाही. पाखंडी ठरवलेले, ज्यू, मुसलमान, सगळ्यांच्या सद्सद्विवेकाला राजाने हात लावू नये अशी त्याची मागणी होती. त्याबद्दल त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले आणि तिथेच त्याचा अंत झाला. भारताच्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख करते. दौंडचा किंवा शिरूरचा पाळक आज त्या कलमाच्या छायेत उपासना चालवतो, तेव्हा त्याच्या परंपरेने या हक्कासाठी फार पूर्वी प्राण वेचले आहेत याची जाणीव त्याला असली पाहिजे. हाच हक्क शेजारच्या देवळात जाणाऱ्याचा, मशिदीत जाणाऱ्याचा आणि कुठेच न जाणाऱ्याचाही आहे, हे मानल्याशिवाय त्याला स्वतःला बॅप्टिस्ट म्हणवून घेता येणार नाही.

हाच विचार मनात धरून बेडफर्डचा जॉन बनियन हा भांड्यांना जोड देत फिरणारा कारागीर उपदेश करू लागला. परवान्याविना उपदेश केल्याबद्दल तो १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे तुरुंगात राहिला. त्याचे ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८मध्ये निघाले आणि १८४१मध्ये हरि केशवजी यांनी ते ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले. मराठी गद्य अजून बाळसे धरत होते, त्या काळात एका तुरुंगवासी उपदेशकाचे पुस्तक मराठी घरांत वाचले जाऊ लागले.

बॅप्टिस्ट पाळकाचा मराठीशी सर्वांत घट्ट संबंध जोडला तो विल्यम कॅरीने. तो इंग्लंडचा, जन्म १७६१चा, विणकराच्या घरातला, आणि स्वतः जोडे शिवणारा. १७८३मध्ये नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. १७८५मध्ये ओल्नीच्या मंडळीपुढे त्याने उपदेश केला. मंडळीने ऐकून घेतले, पण लगेच मान्यता दिली नाही. आणखी काही काळ बोलू द्यावे आणि मग ठरवावे, असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी मान्यता मिळाली आणि १७८७मध्ये मोल्टनच्या मंडळीत त्याची पाळक म्हणून दीक्षा झाली. पगारात घर भागत नसे, म्हणून जोडे शिवणे आणि शाळा चालवणे सुरूच राहिले. १७९२मध्ये केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली आणि १७९३च्या नोव्हेंबरात तो बंगालमध्ये उतरला. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात त्याच्याकडे मराठीचेही अध्यापन आले. वैजनाथशास्त्री या पंडितांच्या मदतीने त्याने १८०५मध्ये मराठी व्याकरण आणि १८१०मध्ये मराठी कोश सिद्ध केला. १८११मध्ये मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्या भाषांतराची मराठी आज अवघडलेली वाटते आणि पुढे इतरांनी ती खूप सुधारली. पण शास्त्र वाचणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत असले पाहिजे, ही त्यामागची निकड बॅप्टिस्ट विश्वासातूनच येते. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असेल, तर ज्या ग्रंथावर तो घ्यायचा तो त्याला वाचता आला पाहिजे.

ओल्नीच्या मंडळीने कॅरीला थांबवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बॅप्टिस्टांत पाळक वरून नेमला जात नाही. बिशप नाही, धर्मप्रांताची सत्ता नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते. पाचारण झाले असे एखाद्याला वाटते, तेव्हा तो ते मंडळीपुढे सांगतो. आपण विश्वासात कसे आलो याची साक्ष देतो. मंडळी त्याला काही काळ बोलताना ऐकते, आजाऱ्याच्या घरी जाताना पाहते, पैशाच्या व्यवहारात आणि रागाच्या प्रसंगात पारखते. मग शिक्षण होते. पुण्याच्या परिसरात त्यासाठी दूर जावे लागत नाही. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी पुण्यात आहे आणि १९५३मध्ये यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३पासून बिबवेवाडीला आहे. कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८मध्ये उभारलेल्या श्रीरामपूर कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७मध्ये सनद दिली. देशातली अनेक धर्मशिक्षण विद्यालये आजही त्या परंपरेतील पदव्यांसाठी विद्यार्थी घडवतात. शिक्षणानंतर आसपासच्या मंडळ्यांचे पाळक उमेदवाराला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात, आणि शेवटी डोक्यावर हात ठेवून त्याला सेवेसाठी वेगळे केले जाते. यात पदवी लागते आणि विधीही लागतो, पण मंडळीचा होकार नसेल तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

आता दौंडकडे वळू. पुणे-दौंड लोहमार्गावरचे केडगाव दौंड तालुक्यात येते आणि तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई बॅप्टिस्ट नव्हत्या. कोणत्याही एका पंथाचा शिक्का त्यांनी स्वतःवर मारून घेतला नाही. तरी बॅप्टिस्ट ज्या प्रश्नासाठी झगडले, तो प्रश्न मराठी मुलखात त्यांच्याइतक्या निर्धाराने कुणी विचारला नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा आणि मुलगी मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. लगेच वाद सुरू झाले. त्रैक्याची शिकवण, चर्चने घालून दिलेली श्रद्धासूत्रे, बिशपांचा अधिकार, यांतले काहीही त्या केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून स्वीकारायला तयार नव्हत्या. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. या वादातला पत्रव्यवहार १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. श्रद्धेविषयी गंभीरपणे विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो वाचावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत सांगितली आहे. बाप्तिस्मा होऊन सुमारे आठ वर्षे लोटल्यावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त पडले. हॅस्लम रीतसर दीक्षा घेतलेला, चर्च चालवणारा माणूस. १८५१मध्ये स्वतःच्याच उपदेशाच्या वेळी त्याला कळून चुकले, की आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते आपल्याला अजून लाभलेलेच नाही, आणि त्याचे परिवर्तन त्या व्यासपीठावरच झाले. ते वाचताना रमाबाईंना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला अजून ओळखलेले नाही. धर्मांतराच्या वादळातून गेलेल्या, त्यासाठी सगळ्या पुण्याचा रोष ओढवून घेतलेल्या बाईने हे लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. धर्म बदलणे आणि विश्वास ठेवणे यांतले अंतर त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मोजले होते.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला आणि उपाशी मुलींना घेऊन त्या केडगावला स्थिरावल्या. १९०५मध्ये मुक्तीत मोठे आत्मिक जागरण झाले आणि त्याची वार्ता देशोदेशी पोहोचली. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. कमी शिकलेल्या बायकांना कळेल असे साधे मराठी त्यांना हवे होते. छपाईचे काम मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्या हे भाषांतर पुरे करून. त्यांना कोणी पाळकाची दीक्षा दिली नाही आणि त्या काळी स्त्रीला ती क्वचितच मिळे. पण शेकडो जिवांचे पालन, शिक्षण आणि उपदेश ही कामे त्यांनी पाळकाचीच केली. स्त्रियांच्या दीक्षेबाबत जगभरचे बॅप्टिस्ट अजूनही एकमताचे नाहीत. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २०००च्या आपल्या श्रद्धानिवेदनात पाळकपद पुरुषांपुरते ठेवले, तर तिथल्याच अमेरिकन बॅप्टिस्ट मंडळ्या स्त्रियांना दीक्षा देतात. दौंड तालुक्यातल्या माणसाने या प्रश्नावर मत देण्यापूर्वी केडगाव डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

दुष्काळाचा उल्लेख झाला, तेव्हा एका आक्षेपालाही सामोरे जायला हवे. या भागातले अनेक लोक भुकेपोटी किंवा शाळेच्या, नोकरीच्या आशेने ख्रिस्ती झाले, असे म्हटले जाते. नगर आणि पुणे जिल्ह्यांत ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. गावाने ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्यांना माणूस म्हणून वागवणारी जागा हवीशी वाटली, यात मला उणेपणा दिसत नाही. शिरूरला रिचर्ड विन्सर यांनी चालवलेल्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत मुलांच्या हाती कारागिरी आली. पारशी दानशूराचे नाव आणि अमेरिकन मिशनरी चालक, अशी ही शाळा होती. पण आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे आणि बॅप्टिस्ट विचार तो गंभीरपणे घेतो. भाकरीसाठी घेतलेला बाप्तिस्मा त्याच्या लेखी बाप्तिस्माच नव्हे. म्हणून तो कुटुंबाच्या नावे किंवा वस्तीच्या नावे बाप्तिस्मा देत नाही. माणूस स्वतः पुढे येतो, पश्चात्ताप आणि विश्वास स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि मगच पूर्ण पाण्यात बुडवून त्याला बाप्तिस्मा दिला जातो. दबाव टाकणारा किंवा आमिष दाखवणारा पाळक कायद्याचा प्रश्न येण्याआधीच स्वतःच्या श्रद्धेचा गुन्हेगार ठरतो.

दौंड, श्रीगोंदा, बारामती या पट्ट्यात विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टचे काम झाले. नाव बॅप्टिस्ट नसले तरी विश्वासणाऱ्यालाच आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत त्यांचीही आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे नोकरीनिमित्त वेगवेगळ्या प्रांतांचे आणि पंथांचे ख्रिस्ती लोक तिथे येत राहिले. शिरूरला मात्र लहानपणीच बाप्तिस्मा देणारी काँग्रिगेशनल परंपरा आधीपासून होती. त्यामुळे या दोन गावांत वावरणाऱ्या पाळकाला बाप्तिस्म्याचा प्रश्न पुस्तकात भेटत नाही, तो नात्यागोत्यांत भेटतो. सून एका रीतीची, सासर दुसऱ्या रीतीचे, असे असताना नातवाचे काय करायचे हे त्याला घरी बसून बोलावे लागते. या प्रश्नाची एक तडजोडही महाराष्ट्रातच झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत उत्तर भारतातील बॅप्टिस्टही होते, आणि या एकीकरणात दोन्ही प्रकारच्या बाप्तिस्म्यांना मान्यता मिळाली. अनेक बॅप्टिस्ट मंडळ्या त्यात गेल्या नाहीत. त्यांना स्थानिक मंडळीची स्वायत्तता सोडवेना. दोन्ही निर्णयांमागे विचार होता आणि दोन्ही बाजूंना अजूनही एकमेकांकडून शिकण्यासारखे आहे.

पाचारण दर वेळी नाट्यमय असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. बॅप्टिस्ट उपदेशकांच्या घराण्यात जन्मलेल्या मार्टिन लूथर किंग यांनी विद्यार्थिदशेत लिहिले आहे, की त्यांना एकाएकी परिवर्तनाचा अनुभव कधी आला नाही. मानवजातीची सेवा करण्याची ओढ वाढत गेली आणि ती नाकारता येईना. १९५४मध्ये ते माँटगोमेरीच्या एका मंडळीचे पाळक झाले आणि १९५९मध्ये भारतात येऊन गेले. जडसनचा विश्वास जाऊन परत आला, कॅरीला मंडळीने थांबवून घडवले, हॅस्लमला तो व्यासपीठावर गवसला, किंग यांच्यात तो हळूहळू पिकला. वाटा वेगवेगळ्या आहेत, पण यांतल्या कुणालाही आपला विश्वास दुसऱ्याच्या सांगण्यावर सोपवून मोकळे होता आले नाही.

म्हणून पाळकाची साक्ष वाचताना वाचकाने तीन गोष्टी शोधाव्यात. तो जे मानतो ते त्याने स्वतः शास्त्रात पडताळले आहे का? त्याला ओळखणाऱ्या माणसांनी, त्याच्या मंडळीने, त्याच्या घरच्यांनी, त्याच्या पाचारणाला होकार दिला आहे का? आणि ज्या स्वातंत्र्याने त्याने स्वतः निर्णय घेतला, तेच स्वातंत्र्य तो समोरच्याला देतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाळक बहुधा स्वतःच देतो. तिसऱ्याचे उत्तर त्याचे शेजारी, त्याच्याशी असहमत असणारे आणि त्याची उपासना सोडून गेलेले लोक देतात. शिरूर आणि दौंडसारख्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे तिथे हे उत्तर लपून राहत नाही, आणि पाळकाची खरी परीक्षा त्याच उत्तरावर होते.